चौकातली उदासी

सोलापूरच्या बाळीवेशीतला आमचा वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा त्याचा चौक तैलरंगात उतरवून ठेवायची जबाबदारी मी स्वतःवर घेतली. कोणी दिली नव्हती. मनात चित्र पक्कं होतं: टळटळीत दुपार, अर्ध्या चौकात सावली, मधे तुळशीवृंदावन, बंद खोल्यांच्या कड्या. बघणाऱ्याचा गळा दाटून यावा, एवढीच माफक अपेक्षा. (चित्रकार एम. एफ. हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. जिल्हा एकच, म्हणून सांगितलं.)

पण आमच्या चौकाला उदास व्हायला सवडच नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी सुटतं. मी चित्राचं तिकाटणं मांडलं नेमकं पाण्याच्या दिवशी आणि नेमकं पाइपच्या वाटेत. पिंपं, घागरी, मोटारीची घरघर. "तुझ्या चित्राला पाणी भरायचंय का? नाही ना? मग सरक!" आत्या म्हणाली. मी सरकलो. तुळशीवृंदावन चित्राबाहेर गेलं.

काकांनी मागून डोकावून विचारलं, "माझी लुना कुठाय?"

"काका, जुना काळ दाखवायचाय."

"मग लुना काय नवी आहे का बे?"

लुना आली. जिन्याखालचं निळं पिंपही आलं, कारण ते न दाखवल्यास काकू रुसणार होती. उदासीला उभं राहायला जागा उरली नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. पारा ४३ वर. शेजारी कुरडया दिवसभरात कडकडीत होत होत्या आणि माझं चित्र आठ दिवस ओलं ते ओलंच. तैलरंग पाण्यासारखे वाफ होऊन वाळत नाहीत. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. हे मी आत्याला समजावलं. तिने ऐकून घेतलं, आणि मी जेवायला बसलेला बघून चित्र दोन चिमट्यांनी दोरीवर टांगलं. त्या दिवशी शेंगाचटणीलाही टर्पेंटाईनचा वास होता.

संध्याकाळी वळवाचा वारा सुटला. चिमटे सुटले. चित्र तोंडावर पडलं ते थेट कुरडयांखालच्या नव्या सोलापुरी चादरीवर. उचललं तेव्हा कुरडया चित्राला आणि चौक चादरीला. खरं सांगतो, चादरीवर तो जास्त उदास दिसत होता.

"आता ही धुवायची कशी? पाणी परवा आहे," आत्या म्हणाली.

"तैलरंग पाण्यानं जात नाही, आत्या."

"मग बरं झालं," ती चादरीची घडी घालत म्हणाली, "पाणी वाचलं."