युरियाचं पोतं आणि मिठाचा हिशेब

उसाच्या पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर तोच मजकूर पुन्हा फिरतोय: युरियाचं पोतं म्हणजे रानात ओतलेलं मीठ, शिरोळ, मिरज, वाळव्याच्या जमिनी खतांनीच क्षारपड झाल्या, शेणखताने पाणी कधी बिघडत नाही.

आधी मिठाचं पाहू. युरियात 46 टक्के नत्र असतं. बाकी कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन. सोडियम नावालाही नाही. मातीत त्याचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होतो, तेव्हा तयार होतं ते आम्ल. म्हणजे अतिरेकाने जमीन आंबट व्हायची, चोपण (सोडियम साठून घट्ट झालेली) नव्हे.

मग मीठ येतं कुठून? पाटातून आणि विहिरीतून. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी जिभेला गोडच लागतं. एकरात तीन इंच पाणी सोडलं की साधारण तीन लाख लिटर झालं. त्यातून दीडशे किलो क्षार आले. उसाला अशा पंचवीस पाळ्या धरा, पावणेचार टन! निचरा असेल तर पावसाळ्यात बरेच धुऊन जातात. काळ्या भारी रानात मोकाट पाणी दिलं की पाण्याची पातळी वर येते, पाणी उडून जातं आणि मागे पांढरं पूट राहतं. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे दिसू लागलं होतं. सिंद्रीचा मोठा सरकारी खत कारखाना सुरू झाला 1951 साली, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

शेणखताचं म्हणाल, तर त्यातल्या नत्राचाही शेवटी नायट्रेटच होतो. गोठ्याच्या उकिरड्याशेजारची विहीर तपासून बघा.

खतांना मी निर्दोष म्हणत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. एका दमात चार पोती फेकून वरून पाट सोडणारा शेतकरी आपलंच नत्र विहिरीत पाठवतो. अनुदानामुळे युरिया स्वस्त, म्हणून हातही सैल सुटतो. हप्ते पाडून, मातीआड करून, ठिबकमधून दिलं तर हे बरंच टळतं.

पण क्षारपड रानाच्या मालकाला 'खत बंद करा' सांगून काय होणार? त्याला चर हवेत किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप, चोपण असेल तर जिप्समही. आणि तो पाइप ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या बांधवाल्यांची संमती लागते. काम अडतं ते बहुतेक तिथेच.