बांगड्याचे डोळे आणि माझे

कोकणातला माणूस जन्मभरात हजारो डोळे तपासतो. सगळे माशांचे. डोळा टपोरा, चकचकीत असला की मासा ताजा. आत गेला, वर साय धरली की पुढची पाटी. स्वतःचे मात्र मी सत्तेचाळीस वर्षांत एकदाही कुणाला दाखवले नव्हते.

त्या रविवारी मी आणलेला बांगडा हिने विळीवर धरला आणि तसाच खाली ठेवला.

"अहो, याचे डोळे बघितलेत?"

"बघितले की."

"मग तुमचे बघायला हवेत कुणीतरी."

मोबाइल वाचायला हात पुरेनासा झाला होता, हे खरं. चाळिशीत डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं पुसट होतं. मराठीने तर चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणून टाकलंय. म्हणजे माझी सात वर्षांची थकबाकी होती.

रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्या आधीच्या आजी तक्ता वाचत होत्या, तो मी बाहेर बसून पाठ केला. (नापास व्हायची भीती या वयातही जात नाही.) माझ्या वेळी बाईंनी तक्ताच बदलला. तरी लांबचं 6/6 निघालं, पाठांतर फुकट. मग यंत्रात हनुवटी टेकवली. आत लांबवर एक रस्ता आणि त्याच्या टोकाला फुगा. "फुग्याकडे बघा." तो दिसतोय न दिसतोय तोच पुसट व्हायचा. पुढच्या यंत्राने डोळ्यावर फुस्सकन हवा मारली आणि मी खुर्चीसकट मागे.

"डोळ्यातलं प्रेशर 18. साधारण 10 ते 21 असतं, ठीक आहे. घरात कुणाला काचबिंदू?"

आजोबांची नजर गेली होती. "वयोमानाने," असं घरात म्हणत. पण ते समोरचं माणूस ओळखायचे आणि बाजूच्या चौकटीला खांदा आपटायचे, हे मी सहज सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. काचबिंदू सहसा दुखत नाही, कडेकडेची नजर गुपचूप खातो आणि गेलेली परत येत नाही, असं म्हणून त्यांनी डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्यावर आतली नस तपासली. सध्या चांगली आहे. रक्ताचं नातं असल्यामुळे मला दरवर्षी हजेरी लावायचीय.

बाहेर पडलो तर ऊन दुप्पट झालेलं. स्टँडवर एसटीच्या पाटीच्या जागी नुसता चकाकता पत्रा. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "पावसची ना हो?" त्यांनीही डोळे बारीक केले. "असावी." त्यांच्याही डोळ्यांत तेच थेंब होते, हे गाडी लांज्याच्या रस्त्याला लागल्यावर कळलं.

आठवड्याने नवी चाळिशी नाकावर चढवून बाजारात गेलो. मावशीसमोर उकिडवा बसलो आणि एकेका बांगड्याच्या डोळ्यात डोळा घालून बघू लागलो.

"काय ओ भाऊ, लगीन जमवताय काय त्याच्याशी?"

"मागच्या खेपेचा नरम होता, मावशी."

"नरम? माझ्याकडचा? आना तो चष्मा इकडं!"

तिने तो नाकावर लावला, पाटीवर वाकली. बराच वेळ काही बोलली नाही. मग खालचे दोन बांगडे शेपटीला धरून उचलले आणि मागे बसलेल्या मांजरीपुढे टाकले.