‘मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवतात’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

रात्री सव्वादोनला आयसीयूच्या दाराशी एका भावाने माझ्यासमोर मोबाइल धरला. “मॅडम, हे खरं हाय का?” आत त्याची एकोणीस वर्षांची बहीण होती. घशात नळी घालून झाली होती, सिस्टर अंबू बॅग दाबून हाताने श्वास देत होत्या. व्हेंटिलेटरच्या कागदावर त्याची सही हवी होती आणि तो सही करत नव्हता.

मेसेज तुम्हीही वाचला असेल. थोडक्यात असा: माणूस आधीच गेलेला असतो, बिल वाढवायला तीन-चार दिवस मशीनने छाती हलवत ठेवतात. अंगाला हात लावून बघा, गार लागेल. व्हेंटिलेटरवर गेलेला परत येत नाही, म्हणून सही देऊ नका. आणि एकदा मशीन लावलं की कायद्याने काढता येत नाही.

मी आयसीयूत काम करते. यातला एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, मेलेल्याला चार दिवस ठेवण्याचा. व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो, एवढंच. रक्त फिरवणं हे हृदयाचं काम, ते या मशीनला येत नाही. हृदय थांबलं की मॉनिटरवरची रेघ सपाट होते, लघवी तयार होणं बंद पडतं, काही तासांत जबडा आणि मान ताठरते, पाठीखाली रक्त साकळून जांभळे डाग दिसू लागतात. मशीन चालू असलं तरी हे थांबत नाही. अशा देहाला चार दिवस ‘रुग्ण’ म्हणून दाखवणं कोणालाच जमणार नाही.

आता गार हात. रक्तदाब कोसळला की आम्ही नॉरअ‍ॅड्रीनलीनसारखं औषध चालू करतो. ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त पुरतं. बोटं गार पडतात, कधी निळसरही होतात. नातेवाइकांना भेटीच्या पाच मिनिटांत हाती लागतो तो नेमका तोच हात. त्यांना शंका आली तर त्यात त्यांची चूक नाही. हे आधी सांगायचं काम आमचं होतं.

‘परत येत नाही’ हे वाक्य मात्र मला सहनच होत नाही, कारण याने माणसं मरतात. त्या मुलीला मण्यार चावला होता. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण, बाराच्या सुमारास पोटात दुखतंय म्हणून उठली, चाव्याची खूण धड दिसेना, सूज नाही. तासाभरात पापण्या उचलेनात, मग थुंकी गिळता येईना, मग श्वास. मण्याराचं विष मज्जातंतूंच्या टोकांवर बसतं. एकदा लुळेपणा आला की सर्पविषावरची लस तो लगेच मागे फिरवू शकत नाही. ती टोकं सुधारायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस श्वास कोणीतरी द्यावा लागतो. या काळात रुग्ण बघाल तर तुम्हीही म्हणाल, गेला. डोळे उघडत नाहीत, बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला हलत नाहीत, चिमटा काढला तरी काही नाही. पण आत तो शुद्धीवर असू शकतो, आपलं बोलणं ऐकत असू शकतो. म्हणून आमच्या सिस्टर तिला नावाने हाक मारून सांगायच्या, आता कूस बदलतोय हं, आता घसा साफ करतोय. चौथ्या दिवशी सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला. तिच्या आईनेच आधी पाहिला. आठव्या दिवशी नळी काढली.

भावाने त्या रात्री शेवटी सही केली, पण पाऊण तास गेला. तोवर बॅग दाबणाऱ्या सिस्टर दुसऱ्या कुठल्या खाटेकडे जाऊ शकल्या नाहीत.

सगळेच असे बरे होतात असं मी म्हणणार नाही. पसरलेला कर्करोग, निकामी झालेली फुप्फुसं, वरून जंतुसंसर्ग, अशा वेळी व्हेंटिलेटर बहुधा फक्त शेवट लांबवतो. घरच्यांना उमेद दाखवत तो लांबवत राहणारी रुग्णालयं आहेत. असल्या एका ठिकाणची नोकरी मी सोडली आहे, तिथे राउंडच्या आधी खाटांचा हिशेब व्हायचा. तेव्हा मेसेजमागचा राग मला कळतो. पण त्यावर सही नाकारणं हा इलाज नव्हे. रोज विचारा: आज कालपेक्षा काय बदललं? बरं होण्याची शक्यता किती? तुमचे स्वतःचे वडील असते तर काय केलं असतं? केसपेपरच्या प्रती मागा, मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हे रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट आहे.

कायद्याचा मुद्दा तर साफ चुकीचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला, त्यानंतर त्या ४२ वर्षं तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणं थांबवावं, अशी त्यांच्यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली, पण त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. २०२३ च्या जानेवारीत प्रक्रिया सोपी झाली. आता रुग्णालयातलं एक वैद्यकीय मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ, दोघांचं मत जुळलं आणि घरच्यांची संमती असली की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. बरं होण्याची आशा नसेल तर असे उपचार नकोत, असं आपलं वैद्यकीय इच्छापत्र आधीच लिहून नोटरीसमोर साक्षांकित करता येतं. गोव्यात असं इच्छापत्र २०२४ साली पहिल्यांदा नोंदवलं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या एका न्यायमूर्तींनी.

तरी एक जागा अवघड उरते, आणि मेसेजची भुताटकी बहुधा तिथूनच आली असावी. मेंदूचा खोडाचा भाग, म्हणजे श्वास चालवणारा भाग, कायमचा मेला, पण हृदयाचे ठोके चालू आहेत. हृदयाला स्वतःची लय असते, ऑक्सिजन मिळतोय तोवर ते चालतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हा मृत्यूच. चार डॉक्टरांनी तपासायचं, किमान सहा तासांनी पुन्हा तपासायचं, आणि त्याआधी विष, गुंगीची औषधं, गारठा ही कारणं वगळायची. मण्याराचा रुग्ण इथे चुकून अडकू नये, म्हणूनच ही अट. पण हा कायदा लिहिलाय प्रत्यारोपणासाठी. घरच्यांनी अवयवदानाला नाही म्हटलं तर मशीन बंद करायला बरीच रुग्णालयं कचरतात.

एका आजोबांचं असंच झालं. मेंदूत मोठा रक्तस्राव. दोन्ही वेळच्या तपासण्या झाल्या होत्या, दान करायची कोणाची तयारी नव्हती, आणि थोरला मुलगा मस्कतहून निघाला होता. “तो येईस्तोवर ठेवा,” असं आजी म्हणाल्या. मी ठेवलं. त्या रात्रीचे पैसे लागले आणि बाजूची खाट अडली, तरीही ठेवलं. ते बरोबर होतं का, यावर माझे सहकारी आजही माझ्याशी वाद घालतात.

मुलगा पहाटे पोचला. वडिलांचा हात हातात घेऊन म्हणाला, “गरम आहे अजून.” मी त्याला बाजूला बसवलं आणि श्वासाच्या तपासणीचा कागद दाखवला: नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू दिला, आठ मिनिटं पाहिलं, छाती एकदाही हलली नाही. त्याने वेळा दोनदा वाचल्या. मग उठून आईजवळ गेला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. आजींनी पदराने आजोबांचं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.