‘हा पुन्हा करणारच’ हे कशावरून?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “एकदा वाईट वाटेला लागलेलं पोर सुधारत नाही. कोण पुन्हा गुन्हा करणार हे अनुभवी माणसाला बघताक्षणी कळतं. सोळा वर्षांवरच्यांची चाचणी बाल न्याय मंडळ घेतं ती त्यासाठीच. तरी आठवड्यात सोडून देतात. त्यापेक्षा हिंडलग्याला (तिथल्या तुरुंगात) ठेवा, सरळ होतील.” खाली पुष्कळदा एखाद्या पोराचा फोटो असतो.

या मजकुरामागची भीती खोटी नाही. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याच्या मुलाला चाकू लागला, त्यानं ‘हे पुन्हा होईल का’ असं विचारणं रास्तच आहे. पण मजकुरात दिलेली उत्तरं चुकीची आहेत, आणि त्यांतल्या काहींनी तोच धोका वाढतो.

“एकदा बिघडलं की सुधारत नाही.” उलट, बहुतेक मुलं थांबतात. गुन्ह्यांचं प्रमाण पौगंडावस्थेत चढतं, सोळा-अठराच्या आसपास शिखर गाठतं आणि विशीत उतरतं. हा आलेख अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये यातले दोन प्रवाह वेगळे करून दाखवले: वयापुरते भरकटणारे पुष्कळ, आणि लहानपणापासून मोठेपणीपर्यंत त्याच वाटेवर राहणारे थोडे. अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांच्या भागात गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या १,३५४ मुलामुलींचा सात वर्षं मागोवा घेतला गेला. पहिल्या तीन वर्षांतच त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांची बेकायदा कृत्यं कमी झाली होती किंवा मुळात मर्यादितच होती. ही किरकोळ चोरीची पोरं नव्हती, गंभीर गुन्ह्यांतली होती. आपल्याकडे २०२२ मध्ये देशभरात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि त्यांत बालक आरोपी असलेली प्रकरणं होती ३०,५५५. म्हणजे हजारात पाच-सहा.

“बघताक्षणी कळतं.” कळत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवून दिलं की तज्ज्ञाच्या नुसत्या अंदाजापेक्षा ठरावीक गोष्टी ठरावीक रीतीनं मोजून काढलेला निष्कर्ष सहसा बरोबरीचा किंवा सरस ठरतो. त्यानंतर मुलांसाठी मोजमापाची साधनं तयार झाली. कॅनडात तयार झालेल्या ‘यूथ लेव्हल ऑफ सर्व्हिस’मध्ये ४२ बाबी आहेत: मागच्या-आताच्या गुन्ह्यांच्या ५, घराच्या ६, शाळा-कामाच्या ७, मित्रांच्या ४, व्यसनाच्या ५, मोकळ्या वेळाच्या ३, स्वभाव-वागणुकीच्या ७ आणि विचारसरणीच्या ५. यात गुन्ह्याचा इतिहास फक्त पाच बाबींत आहे. गुन्हा किती भयंकर होता, ही बाब त्यात नाहीच. लोक ज्या एका गोष्टीवरून ‘हा पुन्हा करणार’ असं ठरवतात, तिला साधनात जागाच नाही, कारण पुढचा अंदाज बांधायला ती फारशी कामाची नाही. उरलेल्या ३७ बाबी बहुतांशी बदलता येण्याजोग्या आहेत. घरात देखरेख आली, व्यसन सुटलं, काम मिळालं की आकडा खाली येतो. म्हणून धोका हा मुलाचा गुणधर्म मानू नये. तो त्या तारखेचा असतो, परिस्थिती बदलली की पुन्हा मोजायचा असतो.

ही साधनंही कितपत चुकतात ते हिशेब मांडून बघा. समजा, १०० मुलं आहेत आणि त्यांतली २० पुढे पुन्हा गुन्हा करणार आहेत. साधन दोन्ही बाजूंनी सत्तर टक्के अचूक आहे, म्हणजे चांगलंच म्हणायचं. करणाऱ्या २० पैकी १४ जणांवर ते बोट ठेवेल. न करणाऱ्या ८० पैकी २४ जणांवरही ठेवेल. ‘जास्त धोका’ असा शिक्का ३८ जणांवर बसला, आणि त्यांतले २४ जण पुढे काहीच करणार नव्हते. हा दोष साधन वापरणाऱ्याचा नाही. घटना मुळात कमी प्रमाणात घडते तेव्हा असंच होतं. त्यामुळे अशा आकड्यावरून कुणाला जास्त मदत आणि भेटी द्यायच्या ते ठरवता येतं. कुणाला डांबायचं ते ठरवता येत नाही. शिवाय ही साधनं कॅनडा-अमेरिकेतल्या मुलांवर बेतलेली आहेत. तिथली गुणांची सीमारेषा उचलून वडगावच्या मागावर काम करणाऱ्या पोराला लावायची नसते. बाबी घ्याव्यात, आकडा जपून घ्यावा.

बेळगाव भागात खरी चूक होते ती सामाजिक तपासणी अहवालात, म्हणजे मुलाचं घर, शाळा, संगत यांची चौकशी करून मंडळाला दिल्या जाणाऱ्या कागदात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहायला हवं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८ प्रमाणे, मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्यानं, आणि तो नसेल तर बालकल्याण अधिकाऱ्यानं किंवा सामाजिक कार्यकर्त्यानं, हा अहवाल द्यायचा असतो. धोक्याबद्दल मंडळाला जे काही कळतं ते बहुतेक या कागदातून. कागद कच्चा राहिला की पुढचं सगळं कच्चं.

‘वाईट संगत’ हे दोन शब्द अशा अहवालांत नेहमी भेटतात. त्यांतून काहीच कळत नाही. कोण मित्र, वयानं किती मोठे, कुठे भेटतात, किती वाजता, पैसे कोण काढतं, हे लिहावं लागतं. वरच्या साधनात मित्रांच्या चार बाबी वेगवेगळ्या आहेत: वाईट वळणाच्यांची ओळख, वाईट वळणाचे मित्र, चांगल्या ओळखींचा अभाव, चांगल्या मित्रांचा अभाव. गल्लीत राहणाऱ्या पोराची चार टवाळांशी ओळख असतेच. ओळख म्हणजे मैत्री नव्हे.

भाषेची अडचण याहून खोल आहे. पोर घरी मराठी बोलतं, विचारणारा कानडीत विचारतो. बाजारापुरतं कानडी पोराला येतं, पण ‘त्या वेळी मनात काय आलं’ हे सांगण्याइतकं येतंच असं नाही. मग ते मान खाली घालून ‘काय की’ म्हणतं, आणि कागदावर उतरतं: ‘उत्तरं टाळतो, पश्चात्ताप नाही’. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणं आपल्याकडे अदब आहे, आणि ‘काय की’ म्हणजे ‘मला सांगता येत नाही’. कामकाजाची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषा देण्याची तरतूद कलम ८ मध्येच आहे. ती आपोआप मिळेल म्हणून थांबू नये. पालकांनी किंवा वकिलानं पहिल्याच तारखेला मागावी. अहवाल कानडीत असेल तर सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगावा, आणि चुकलेलं तिथेच लेखी नोंदवून घ्यावं.

घरभेटीची वेळ बघा. निपाणीत आई विड्या वळायला गेलेली, बाप कागलच्या कारखान्यात पाळीवर. सकाळी अकराला गेलं तर दाराला कुलूप, आणि अहवालात ‘पालकांचं नियंत्रण नाही’. संध्याकाळी सातनंतर एकदा आणि सुट्टीच्या दिवशी एकदा, अशा दोन भेटी झाल्या तर चित्र वेगळं दिसतं. आजी, मोठी बहीण, शेजारची काकू यांच्यापैकी कुणाच्या शब्दाला पोर मान देतं, हे पहिल्या भेटीत कधीच कळत नाही.

शाळेच्या रकान्यात ‘अभ्यासात रस नाही’ असं लिहून मोकळं होतात. गावात सातवीपर्यंत मराठी शाळा होती आणि पुढे जवळ मराठी हायस्कूल नव्हतं, म्हणून पोर कानडी माध्यमात बसलं आणि सहा महिन्यांत गळालं, तर कारण रस नसणं नव्हे. उपायही मग समुपदेशनाचा राहत नाही. मराठी माध्यमाची शाळा आणि वसतिगृह शोधावं लागतं, नाहीतर दहावीची बाहेरून परीक्षा.

मागच्या प्रकरणांचं मोजमापही इथे जपून करायला हवं. काळ्या दिनाच्या (सीमाभागातल्या मराठी लोकांच्या १ नोव्हेंबरच्या निषेधाच्या) फेरीत एखाद्या पोराचं नाव गुन्ह्यात आलं असेल, तर ती नोंद आणि घरफोडीची नोंद एका मापानं मोजता येत नाहीत. पोलीस ठाण्यात तोंडी सांगितलेला ‘याच्यावर आधी पण होतं’ हा इतिहास तर मुळीच धरू नये. कलम २४ प्रमाणे जुन्या प्रकरणाची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असतात आणि त्या दोषसिद्धीमुळे मुलाला कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद आहे तो प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा.

आणि जी बाजू सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते ती संरक्षक गोष्टींची. अहवालाच्या नमुन्यात सवयींचे दोन गट आहेत. एकात सिगारेट, दारू, जुगार; दुसऱ्यात खेळ, वाचन, चित्रकला, गाणं. पहिल्यात खुणा पटापट होतात, दुसरा कोरा राहतो. मुलांमधल्या हिंसेचा धोका मोजणाऱ्या ‘सॅव्हरी’ या साधनात २४ धोक्याच्या बाबींच्या जोडीला ६ संरक्षक बाबी मुद्दाम ठेवल्या आहेत: चांगल्या कामातला सहभाग, भक्कम आधार, घट्ट नातं, मदतीकडे सकारात्मकपणे बघणं, शाळेची ओढ, तग धरणारा स्वभाव. पोर रोज पहाटे तालमीत जातं का, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी महिनाभर राबतं का, भजनी मंडळात टाळ धरतं का, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्याला कामाला लावणारा मामा आहे का, हे विचारा. पुढची योजना याच माणसांच्या खांद्यावर उभी राहते.

‘धोका जास्त’ असा शेरा मारून अहवाल संपवू नये. उपयोगी वाक्य असं असतं: ‘शनिवारी पगार झाला की संध्याकाळी सहा ते दहा तो अमुक ठिकाणी पत्ते खेळायला बसतो, हरला की उसने घेतो आणि उसने फेडायला चोरी. पगार आईच्या हाती गेला आणि ती वेळ तालमीत गेली तर धोका बराच कमी.’ यावरून मंडळाला आदेश लिहिता येतो. वैयक्तिक काळजी योजनेच्या, म्हणजे त्या मुलासाठी पुढे काय करायचं याच्या आराखड्याच्या, नमुन्यात पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर महिन्याला प्रगती नोंदायची असते. त्या नोंदींत जुनाच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवला जात असेल तर मोजमाप थांबलंय असं समजा.

सीमेची एक अडचण वेगळी. प्रकरण बेळगावात आणि घर चंदगडला किंवा कागलला असेल तर घरची चौकशी कोल्हापूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मागवावी लागते. कानडी पत्र साध्या टपालानं गेलं की पंधरा दिवस तिथेच संपतात. पहिल्या दोन दिवसांत ईमेल, सोबत मराठी किंवा इंग्रजी प्रत, आणि मागोमाग फोन, एवढं केलं तर अहवाल वेळेत येऊ शकतो. कलम ९५ प्रमाणे मुलाला त्याच्या जिल्ह्यात पाठवता येतं, पण कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाच्या बाबतीत चौकशी पुरी होऊन अंतिम आदेश झाल्यावरच. देखरेख कोण करणार हे त्या आदेशातच लिहून घ्या, नाहीतर दोन राज्यांच्या मध्ये मूल कुणाचंच राहत नाही.

“सोळा वर्षांवरच्यांची चाचणी त्यासाठीच.” नाही. कलम १५ ची प्राथमिक पडताळणी फक्त निर्घृण गुन्ह्यांत, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेल्या गुन्ह्यांत होते. ती तीन गोष्टी बघते: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम कळण्याची कुवत, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. पुढे काय होईल हा प्रश्न तिच्यात नाही, आणि ती खटलाही नाही, असं कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये, मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेला व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावी लागेल, असं ठरवलं. ही पडताळणी तीन महिन्यांत करायची असते. ती मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, हा मे २०२४ चा निर्णय कर्नाटकातल्याच एका प्रकरणातला.

“आठवड्यात सोडून देतात.” जामीन हा कलम १२ चा नियम आहे. तो नाकारायची कारणं तीनच: सुटल्यावर ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, मुलालाच नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, किंवा न्यायाचा हेतू विफल होणं. सुटला म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. चौकशी चालू राहते, आणि शेवटी समज देण्यापासून विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवण्यापर्यंतचे आदेश होऊ शकतात.

“हिंडलग्याला ठेवा.” अठराखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, एक रात्रही नाही. प्रौढ म्हणून खटला चालला तरी एकवीस पूर्ण होईपर्यंत जागा असते सुरक्षित स्थान (तुरुंगाहून वेगळी, अशा मुलांसाठीची बंदिस्त संस्था), आणि एकवीसला बाल न्यायालय सुधारणा तपासून पुढचं ठरवतं. कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय चालत नाही. तुरुंग दाखवून मुलांना घाबरवण्याचे कार्यक्रम अमेरिकेत बरीच वर्षं चालले. त्यांवरचे नऊ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा निघालं की काहीच न केलेल्या मुलांपेक्षा त्या मुलांनी जास्त गुन्हे केले. मुलांना प्रौढांच्या व्यवस्थेत ढकलण्यावरच्या अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये निघाला. त्यात नंतरचे गुन्हे सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त आढळले. चार महिने मोठ्या आरोपींसोबत राहून आलेल्या पोराला नवे मित्र आणि नवी युक्ती मिळते, आणि जुनी शाळा जाते.

राहिला तो फोटो. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही पसरवणं कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गल्लीत फोटो फिरला की मुख्याध्यापक दाखला हातात देतात, तालमीत कुणी घेत नाही, मामाही मागे सरतो. मग मोकळ्या वेळात त्याच्याशी बोलायला उरतात तेच, ज्यांच्यापासून त्याला दूर ठेवायचं होतं. तुमच्या ग्रुपवर असा फोटो असेल तर ॲडमिनला सांगून आजच काढून टाका, आणि पुढे पाठवला असेल तर तिथूनही.