गरीब नेहमीच राहणार, म्हणून?

गेले काही दिवस नाशिकमधल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: 'गरीब नेहमी तुमच्याजवळ असणार' असं खुद्द प्रभू येशूनंच सांगितलंय, मंडळीचं काम आत्म्यांचं तारण, पोटापाण्याचं बघायला सरकार आहे, आपणच गरीब, आपण कोणाला काय देणार, आणि इतकी वर्षं सेवा करून मंडळीत आलं कोण? खाली 'आमेन' लिहिणारे बरेच आहेत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आधी वचन बघू. बायबलातलं मार्क १४:७ उघडा. वाक्य तिथे संपतच नाही. 'पाहिजे तेव्हा तुम्हाला त्यांचं भलं करता येतं' हा पुढचा भाग मजकुरातून गाळलाय. शिवाय प्रभूचे हे शब्द ऐकणाऱ्यांना मोशेचं नियमशास्त्र आठवलं असणार. त्यातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं १५:११ सांगतं की देशात दरिद्री असणारच, म्हणून आपल्या गरजू भावासाठी हात सैल सोड. शास्त्रातलं 'म्हणून' द्यायला सांगतं. आपण त्याच 'म्हणून'वर हात आखडता घेतोय.

आत्मा की पोट? याकोबाच्या पत्रात याचं रोखठोक उत्तर आहे. उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही, याचा उपयोग काय? लेवीय १९:१० तर आपल्या नाशिककरांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं: द्राक्षमळा पूर्ण खुडू नका, गळालेले मणीही वेचू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. आपल्याकडे हे परके कोण, ते दिंडोरी-निफाडच्या बागांत जाऊन बघा. सुरगाणा, पेठहून आलेली कुटुंबं बांधाला ताडपत्री ताणून राहतात. आई घडाची विरळणी करते, लहानगं वेलीखाली साडीच्या झोळीत झोपलेलं असतं. ही माणसं रविवारच्या उपासनेतल्या आपल्या प्रार्थनेत तरी येतात का?

आणि ज्या शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो, ते शरणपूर एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे राहिली, शिकली. त्यांना अक्षराबरोबर सुतारकाम, लोहारकामही शिकवलं जायचं. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट इथल्याच शाळेतला. १८७४ साली लंडनच्या अंत्यविधीलाही तो हजर होता. त्या पोरांना बायबल द्यायचं की रंधा, असा वाद घालत बसले असते तर?

'आपणच गरीब' हे मात्र खरं आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत आजही महिनाअखेर जड जाते. पण मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल प्रेषित पौल बायबलात लिहितो की कमालीच्या दारिद्र्यातही त्यांनी ऐपतीपलीकडे दिलं. गेल्या वर्षी आमच्या कापणीच्या सणाला धुणीभांडी करणाऱ्या एका आजींनी पदराच्या गाठीतून दोन अंडी काढून वेदीपुढे ठेवली. अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावात त्या दोन अंड्यांना पाचशे रुपये आले. आजी मागच्या बाकावर ताठ बसून होत्या. 'आपण काय देणार' हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

राहिला प्रश्न 'आलं कोण' याचा. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काही प्रभूनं काढून घेतलं नाही. माणसं मंडळीत यावीत म्हणून केलेली सेवा ही सेवा नव्हे, तो सौदा आहे. तसं कोणी करत असेल तर त्यालाही मी तितक्याच तळमळीनं विरोध करीन.

यंदाच्या कापणीच्या लिलावातली निम्मी रक्कम द्राक्षबागांतल्या मजुरांच्या मुलांसाठी बाजूला ठेवावी, असा अर्ज मी आमच्या मंडळीच्या कमिटीकडे दिला आहे. खाली सही एकट्याचीच आहे. तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाला सही करावीशी वाटली, तर रविवारी उपासनेनंतर मी दाराशी थांबेन.