पंचनाम्यात अक्षांश-रेखांश असायलाच हवेत
बेकायदा मासेमारीविरुद्ध लढणाऱ्या सरकारी वकिलांवरचा हा लेख मनापासून आवडला. एक मुद्दा मात्र राहिला. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच लागू होतो. त्यामुळे पर्ससीन (माशांचा थवा घेरणारं मोठं जाळं) लावणारी किंवा एलईडीवाली (प्रखर दिव्यांनी मासे ओढून घेणारी) नौका नेमकी कुठे पकडली, हे पंचनाम्यात अक्षांश-रेखांशासह नसेल, तर आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवणार. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला, उत्तमच झालं! पण दंड वसूल व्हायला पुरावा टिकावा लागतो. गस्तीवरच्या अधिकाऱ्यांना वकिलांनीच हे शिकवायला हवं. आपल्या पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, किनाऱ्यावरची पर्यावरणाची प्रकरणंही तिथे येतात. इथल्या विधी शाखेच्या मुलांनी या कामाकडे जरूर वळावं. कारण किनाऱ्यावरून रापण (हाताने ओढायचं पारंपरिक जाळं) ओढणाऱ्या गरीब मच्छीमाराला महागडा वकील परवडत नाही.