मनूट बोल नुसता उभा राहत नव्हता

शाळांना सुट्ट्या लागल्या की नाशिकच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. गंगापूर रोड असो की सिडको, संध्याकाळच्या बॅचला मुलाला सोडायला आलेलं कुणी ना कुणी मोबाइल पुढे करतं, "सर, हे खरं का?" मजकूर थोडक्यात असा: मनूट बोल नावाचा माणूस बास्केटबॉल खेळून खेळून 7 फूट 7 इंच झाला. खेळ त्याला येत नव्हता, रिंगखाली नुसता उभा राहून त्याने करोडो कमावले. ते सगळे ऐषआरामात उडवले. शेवटी पोटासाठी टीव्हीवर बॉक्सिंग केली आणि कंगाल होऊन मेला. तेव्हा उंची वाढवायची तर मुलांना लवकर क्लास लावा. आणि वाढली नाहीच, तर या खेळाच्या नादी लागू नका.

मी स्वतः बास्केटबॉल शिकवतो. क्लासची जाहिरात फुकटात होतेय म्हणून गप्प बसणं माझ्या फायद्याचं आहे. पण यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

उंचीचं आधी संपवू. मनूट दक्षिण सुदानातल्या डिंका जमातीचा. जगातल्या सगळ्यात उंच लोकांमध्ये ही जमात मोडते, आणि त्याचे आई-वडील दोघंही साडेसहा फुटांच्या वर होते. पोरवयात तो फुटबॉल खेळायचा. ताडमाड वाढला, फुटबॉल जमेना, म्हणून तो बास्केटबॉलकडे वळला. म्हणजे उंची आधी आली आणि खेळ नंतर. तेवढ्याच उंचीचा एनबीएतला, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, दुसरा खेळाडू रुमानियाचा घेओर्गे मुरेशान. त्याचे आई-वडील चारचौघांसारखे होते. त्याची उंची पिट्युटरी ग्रंथीच्या विकारातून आली. एकाच्या रक्तात होती, दुसऱ्याला आजारानं दिली, चेंडूनं कुणालाच दिली नाही. हाडं लांब होतात ती टोकाकडच्या कूर्चेच्या पट्ट्यांतून, आणि पौगंडावस्था सरता सरता त्या पट्ट्यांचं हाड होऊन जातं. बारला लोंबकळून पाठ मोकळी होते, हाड लांब होत नाही. बास्केटबॉलवाले उंच दिसतात कारण उंच पोरं वेचून घेतली जातात.

"नुसता उभा राहून करोडो" हे वाक्य मात्र मला खरोखर झोंबतं, कारण ते लिहिणाऱ्याला खेळाचे नियमही माहीत नाहीत. त्या काळी एनबीएत झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखत बसायला, बंदी होती. आपला माणूस सोडून रिंगखाली ठाण मांडलं की पंच आधी ताकीद द्यायचे, पुन्हा केलं की समोरच्याला फ्री थ्रो, कुणी न अडवता टाकायचा शॉट. म्हणजे उभं राहणं हाच गुन्हा! शिवाय गोलटेंडिंग आहेच. शॉट वर चढत असतानाच अडवायचा. चेंडू रिंगकडे उतरायला लागल्यावर हात लागला तर बास्केट समोरच्याच्या खात्यात. मनूटचा हात टाचा न उचलता दहा फुटांवरच्या रिंगला लागायचा, त्यामुळे गोलटेंडिंगचा धोका त्यालाच सगळ्यात जास्त. वेळ साधता आली नसती तर हीच उंची संघाला दर सामन्यात महागात पडली असती. आमच्याकडे बॅचमधली उंच पोरं पहिले काही महिने नेमकं हेच करतात, उतरता चेंडू थोपटतात आणि टाळ्यांची वाट बघतात.

1985-86 या पहिल्याच मोसमात वॉशिंग्टन बुलेट्सकडून त्याने 80 सामन्यांत 397 ब्लॉक केले, म्हणजे समोरच्यांचे तेवढे शॉट हवेतच अडवले. एका मोसमात याहून जास्त ब्लॉक फक्त मार्क ईटनचे, 456. एकाच सामन्यात 15 ब्लॉक हा पराक्रम मनूटने दोनदा केला. आणि वाट सरळ नव्हती. 1983 मध्ये सॅन डिएगो क्लिपर्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू वेचतात त्यात, निवडलं, ते एनबीएने रद्द ठरवलं. (त्याच्या पासपोर्टवर उंची होती 5 फूट 2 इंच! बसलेला असताना मोजली, असं तो सांगायचा. सरकारी कागद सगळीकडे सारखेच.) मग इंग्रजी शिकणं, ब्रिजपोर्ट विद्यापीठाकडून एक मोसम, आणि 1985 मध्ये दुसऱ्या फेरीत, एकतिसाव्या क्रमांकावर निवड. उंचीच पुरली असती तर पहिल्या फेरीतल्या संघांनी त्याला सोडला असता का? अंगात ताकद नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. सुरुवातीला बेंच प्रेसवर वीसेक किलोच त्याला झेपायचे.

मेसेजवाल्याचं एक मान्य. मनूटला पॉइंट करता येत नसत. कारकिर्दीत 1,599 पॉइंट आणि 2,086 ब्लॉक. पॉइंटपेक्षा ब्लॉक जास्त असलेला एनबीएच्या इतिहासातला तो एकटाच. पण 3 मार्च 1993 ला फिनिक्सविरुद्ध याच माणसाने दुसऱ्या हाफमध्ये सहा थ्री पॉइंटर, लांबून टाकायचे तीन-तीन पॉइंटांचे शॉट, टाकले होते. टाकायची पद्धत मुलांनी बघू नये, इतकी वेडीवाकडी होती.

यशाचं असं फुकटचं स्पष्टीकरण आपण घरच्यांनाही चिकटवतो. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हाही कट्ट्यावर लोक म्हणाले, डोंगरात पाणी आणायला चालायची ना, म्हणून. पाणी तर अख्ख्या पाड्यातल्या बाया आणत होत्या. प्रशिक्षक विजेंदर सिंगांच्या हाताखाली तिने नाशकात वर्षानुवर्षं किती किलोमीटर पळून काढले, ते कोणी मोजत नाही.

"ऐषआरामात उडवले." इथे मेसेज नुसता चुकत नाही, बदनामी करतो. सुदानात 1983 पासून यादवी पेटली होती, ती 2005 पर्यंत चालली आणि सुमारे वीस लाख माणसं गेली. मनूटचे स्वतःचे कितीतरी नातलग त्यात मारले गेले. खेळत असताना तो निर्वासितांच्या छावण्यांत जायचा, दक्षिणेच्या बंडखोरांना मदत करायचा. सुदानच्या कामात त्याचे सुमारे 35 लाख डॉलर गेले, असा अंदाज सांगितला जातो. काही पैसा चुकीच्या गुंतवणुकीतही बुडाला. तो काही संत नव्हता. निवृत्तीनंतर तो सुदानच्या राजधानीत, खार्तूमला, परतला. सरकारने क्रीडामंत्रिपद देऊ केलं, अट एकच, इस्लाम स्वीकारायचा. हा ख्रिस्ती, नाही म्हणाला. पुढे देश सोडणंही सोपं राहिलं नाही. इजिप्तमार्गे तो 2002 मध्ये अमेरिकेत पोचला तो निर्वासित म्हणूनच.

बॉक्सिंग खरी आहे. 2002 मध्ये अमेरिकन फुटबॉलवाल्या विल्यम पेरीशी तो टीव्हीवर लढला. ती मिळकत त्याने सुदानी निर्वासितांसाठीच्या निधीला दिली, आणि कार्यक्रमात त्या निधीचा फोन नंबर दाखवायला लावला. लोक हसले, हे खरं. हसतील हे त्यालाही ठाऊक होतं.

शेवटाबद्दल. 2004 मध्ये टॅक्सीच्या अपघातात त्याची मान मोडली. त्यानंतरही तो दक्षिण सुदानात शाळा बांधण्याच्या कामात होता. 2010 मध्ये त्याच कामासाठी तिकडे गेला असताना आजारी पडला आणि 19 जूनला व्हर्जिनियातल्या रुग्णालयात वारला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, जोडीला औषधातून उद्भवलेला, त्वचा सोलवटून काढणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. खिशात किती होते हे मेसेजवाल्याला कुठून कळलं, देव जाणे. दक्षिण सुदान स्वतंत्र झाला तो पुढच्या वर्षी, 9 जुलै 2011 ला.

राहिला तो उंची नसेल तर नाद सोडण्याचा सल्ला. 1987-88 मध्ये मनूटच्याच संघात मग्सी बोग्ज होता, उंची 5 फूट 3 इंच. आमच्या बॅचमधल्या आठवीतल्या काही मुली त्याच्याहून उंच आहेत. मनूट एनबीएत दहा मोसम टिकला, 624 सामने खेळला. बोग्ज चौदा मोसम, 889 सामने.